आधी ओळख, मग ओळी

पोरी,

अंगणवाडी सेविकेची ऑर्डर हातात आली म्हणालीस, आनंद झाला. आता महिनाभर तुला सगळे जण रजिस्टरं, फोनवरचा पोषण ट्रॅकर आणि वजनकाटा शिकवतील. ते शिकच, त्यावाचून सुटका नाही. पण अंगणवाडी चालते ती आसपासच्या दहा-बारा माणसांवर. पाड्यावरची आजी, पहिलीच्या बाई, आशाताई, नर्सबाई, सरपंच, बचत गटातल्या बायका, कोपऱ्यावरचा दुकानदार. ही माणसं एकमेकांशी बोलत राहिली तर पोर पहिलीत रुळतं. बोलणं तुटलं की प्रत्येक जण आपापलं काम चोख करतो आणि पोर मात्र शाळेच्या दाराशी उभं राहून रडतं.

आणि डहाणूकडे दिलं म्हणून लग्नात डोळे सुजेपर्यंत रडली होतीस ना? आता ऐक. तुझ्या सासरपासून कोसबाडची टेकडी काही फार लांब नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. गुरं राखणारी पोरं तिथेही येईनात, तर कुरणावर जाऊन कुरणशाळा भरवली. १९५७ मध्ये हे सगळं काम कोसबाडला गेलं. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती २ ऑक्टोबर १९७५ ला, देशभरात ३३ प्रकल्पांत. म्हणजे सरकारच्या तीस वर्षं आधी तुझ्या सासरच्या मातीत अंगणवाडी भरत होती. तेव्हा रडणं पुरे, कामाला लाग.

१. पहिला आठवडा शिकवू नकोस, फिर. प्रत्येक पाड्यावर, प्रत्येक घरी, आणि तेही रिकाम्या हाताने — रजिस्टर काखेत, माणूस धाकात. तुझ्या हातात कागद दिसला की लोक सरकारशी बोलतात, नसला की तुझ्याशी.

२. गावाला तू सून म्हणून ठाऊक आहेस. डोक्यावरचा पदर सांभाळत उंबऱ्यावर उभी राहू नकोस, आत जाऊन पाणी माग — बाईंनी आपल्या हंड्यातलं पाणी प्यायलं, ही बातमी पाड्यावर तुझ्याआधी पोचते.

३. पोराला घरात ज्या नावाने हाक मारतात ते नाव विचारून घे आणि वर्गात तेच वापर — दाखल्यावरच्या नावाला चार वर्षांचं पोर ‘ओ’ देत नाही, आणि आपल्याला वाटतं त्याला ऐकू येत नाही.

४. आईपेक्षा आजीला आणि मोठ्या बहिणीला आधी गाठ — आई पहाटेच शेतावर नाहीतर चिकूच्या वाडीत गेलेली असते, पोराचं बोट त्या दोघींपैकी एकीच्या हातात असतं.

५. मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला शाळा बुडवत असेल तर तिला रागावू नकोस, धाकट्याला वेळेआधी घेऊन ये म्हणावं — कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली होती ती काही उगाच नव्हे. कडेवरचं उतरलं की मोठीचे हात पाटी धरायला मोकळे होतात.

६. मदतनीस बाईंना ‘अगं’ म्हणू नकोस, वयाने लहान असल्या तरी — पोरं त्यांच्याच हातून जेवतात आणि त्यांच्याच मांडीवर झोपतात. तू त्यांना जसं हाकारशील, तसंच गावही हाकारेल.

७. वारली बोलीतले शब्द पोरांकडूनच शीक आणि चुकीचे उच्चारून त्यांना हसू दे — जे पोर बाईंना शिकवतं ते बाईंना घाबरत नाही. शाळेची मराठी हळूहळू येते, तोंड मात्र एकदा मिटलं की उघडायला वर्ष जातं.

आता तुला पहिल्या महिन्यात ऐकावा लागणारा प्रश्न: “बाई, अ-आ-ई कधी शिकवणार? ती पिवळ्या बसमधली पोरं एबीसीडी म्हणतात.” विचारणाऱ्या आईवर चिडायचं नाही. तिला आपल्या पोराचं भलंच हवंय. तिला अक्षर दिसतं, तयारी दिसत नाही, एवढंच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा सलग पाच वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून शिकणं सांगितलं आहे. पण ते धोरण ओसरीवर वाचून दाखवू नकोस. सहाव्या वर्षाच्या आत मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ होते हे वाक्यही त्याच धोरणात आहे. भिंतीवर रंगवायला छान दिसतं. टक्केवारी वाचून कुठल्या आईने पोराला अंगणवाडीत आणलेलं मी तरी पाहिलं नाही. तिला दाखवावं लागतं.

८. आईला वर्गात बोलवून पोराच्या शेजारी बसव आणि दोघांपुढे चिंचोके, शिंपले आणि सुरूची बोंडं यांचा एक मिसळलेला ढीग ठेव. पोर वेगळं करतं, मोजतं, ‘हे जास्त, हे कमी’ म्हणतं — हेच गणित पहिलीत वहीवर येणार आहे, हे आईला तिथल्या तिथे कळतं, भाषण लागत नाही.

९. बिया गोळा करायला पोरांना पाठवशील तेव्हा गुंजा आणि एरंड यांना हात लावू देऊ नकोस — दिसायला सुंदर, पोटात विष. आणि तीनच्या आतलं भावंड वर्गात रांगत असेल तर बारीक बिया त्या दिवशी डब्यातच राहू देत.

१०. चार रेघी वही पाच वर्षांआधी काढू नकोस. माती मळणं, पानं फाडणं, मणी ओवणं, ठसे उमटवणं हेच आधी होऊ दे — बोटांत बळ आलं की अक्षर महिन्याभरात वळतं. बळ नसताना वळवलं तर पोर पेन्सिलीचाच राग धरतं.

११. रोज एक गोष्ट, आणि तीच गोष्ट आठवडाभर — तुला कंटाळा येईल, त्यांना येत नाही. पाचव्या दिवशी पोरं तुझ्याआधी पुढचं वाक्य बोलतात. पहिलीत पुस्तक उघडल्यावर हेच कामाला येतं.

१२. पोराला स्वतःची चड्डी सोडता-बांधता येणं, हात धुणं, नाक पुसणं, ‘मला शूला जायचंय’ हे मोठ्याने सांगता येणं हे बाराखडीच्या आधी धर — पहिलीत निम्मं रडणं अक्षरासाठी नसतं, ओल्या चड्डीसाठी असतं. तुझ्या गावातली काही पोरं सहाव्या वर्षीच निवासी आश्रमशाळेत जातील. तिथे रात्री नाडी सोडवायला आई नसते.

हा बारावा मुद्दा दोनदा वाच. शाळेची तयारी म्हटलं की सगळ्यांना पाटी-पुस्तक दिसतं, मला नाडी दिसते.

१३. गावातल्या आजोबांना वर्गात आण, पण ‘व्याख्यान द्या’ म्हणू नकोस, ‘तुमचं काम इथे बसून करा’ म्हण. असेच एक आजोबा अंबाडीचा दोर वळायला अंगणवाडीच्या ओट्यावर येऊन बसत. ते काही बोलत नसत. पायाच्या अंगठ्यात एक टोक अडकवायचे, दोन्ही तळव्यांत वाख घोळवायचे, आणि पोरं डोळे फाडून बघायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक पोरगी समोर बसली आणि गवताची काडी अंगठ्यात धरून तसंच घोळवू लागली. आजोबांनी वर न बघता तिच्याकडे थोडा वाख सरकवला. नंतर पोरांची रांग लागली. कुठल्याही खेळण्याच्या पेटीत बोटांना एवढा व्यायाम मी पाहिला नाही — शिवाय ज्याच्या हातचा दोर, त्याचीच अंगणवाडी. छपराचा पत्रा उडाला तेव्हा बिनबोलावता शिडी घेऊन आले ते हेच आजोबा.

१४. कुंभाराकडून माती, सुताराकडून लाकडाचे उरलेले ठोकळे, शिंप्याकडून चिंध्या माग. नव्या वस्तू मागू नकोस, उरलेल्या माग — उरलेलं द्यायला कुणी नाही म्हणत नाही, आणि देणारा महिन्याने डोकावून जातो की माझ्या ठोकळ्यांचं काय केलंत. ठोकळे मात्र घासून घे, कुसळ बोटात जातं.

१५. भिंतीवर मिकी माऊस काढायला शहरातून रंगारी आणू नकोस. गावातल्याच बायकांना गेरू आणि तांदळाचं पीठ कालवून दे — लग्नाचा चौक ज्या हातांनी निघतो ते हात तुझ्या भिंतीला पुरेसे आहेत, आणि त्या भिंतीतलं झाड, तारपा, कोंबडी पोरांना नावानिशी ठाऊक असतात. खालचा दोन हातांचा पट्टा कोरा सोड. तो पोरांचा. दर पंधरा दिवसांनी पुसायचा आणि पुन्हा त्यांच्या ताब्यात द्यायचा.

१६. दुकानदाराला सांगून ठेव की पोर पैसे घेऊन आलं तर वस्तू मोजून त्याच्या हातात दे, ‘किती झाले?’ असं विचार — घरून पाठ करून आणलेल्या शंभरापेक्षा दुकानातले पाच पक्के असतात. कुरकुऱ्यांच्या माळा पोरांच्या डोळ्यांच्या वर टांग म्हणावं. ऐकेल की नाही सांगता येत नाही, सांगून मात्र बघ.

आता शाळेकडे वळू. अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा कित्येक गावांत एकाच आवारात असतात आणि तरी त्यांच्यामध्ये समुद्र असतो. पहिलीच्या बाईंना वाटतं, अंगणवाडीत फक्त खिचडी मिळते. सेविकेला वाटतं, शाळेवाल्यांना फक्त पट हवा असतो. दोघींचंही थोडं खरं असतं, म्हणून तर गाठ सुटत नाही.

१७. पहिलीच्या बाईंशी मैत्री जानेवारीत कर, जूनमध्ये नको — जूनमध्ये त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. तिळगूळ हे उत्तम निमित्त.

१८. मार्च-एप्रिलमध्ये मोठ्या पोरांना आठवड्यातून एकदा पहिलीच्या वर्गात नेऊन बसव. शाळेचा नळ, मुतारी, घंटा, बाकं सगळं दाखव — पोर नव्या धड्याला घाबरत नाही, नव्या मुतारीला घाबरतं.

१९. जन्मदाखला डिसेंबरातच तपास. आपल्याकडे पहिलीला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात — म्हणजे जूनमध्ये रांगेत उभी असलेली काही पोरं साडेपाचचीच असतात. त्यांची नावं पहिलीच्या बाईंच्या कानावर घाल. तेवढ्याने त्या सहा महिने सबुरीने घेतात.

२०. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. मोठं शाळेत आणि धाकटं तुझ्याकडे अशी एखादी आई त्यात असतेच — तिलाच निरोप्या कर. सरकारी पत्राला आठ दिवस लागतात, तिला संध्याकाळचा पाणवठा पुरतो.

मेळाव्याचं जरा सविस्तर सांगते, कारण त्यात तू अडकशील. २०२२ पासून आपल्या राज्यात ‘पहिले पाऊल’ नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. एक साधारण एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना. सात टेबलं मांडलेली असतात. नावनोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी, आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. पोर एकेका टेबलाशी जातं, उडी मारतं, कागद फाडतं, चित्र बघून बोलतं, आणि त्याच्या विकासपत्रावर नोंद होते की हे आपलं आपण जमतं की मदत लागते. फुगे, प्रभातफेरी, ढोल, सगळं असतं. मला हे मेळावे आवडतात. पण त्यातला खरा माल दोन मेळाव्यांच्या मधल्या उन्हाळ्यात आहे. पाच-सहा आयांचा एक माता गट, त्यातली एक लीडर माता, आणि घरातल्या घरात करायच्या छोट्या कृती. तो उन्हाळा कोरा गेला तर जूनचं टेबल एप्रिलच्याच खुणा दाखवतं.

२१. टेबलावर आई पोराच्या जागी उत्तर देऊ लागली तर तिला टोकू नकोस, तिच्या हातात काहीतरी दे. पाण्याचा पेला, पोराचं दप्तर, काहीही. “नाव काय तुझं?” विचारलं की पोर चप्पल बघतं, आई नाव सांगते. “हा रंग कोणता?” पोर चप्पलच बघतं, आई रंग सांगते. आईच्या हाती पेला गेला, ती तो ठेवायला वळली, आणि पोराने हळूच पिवळ्या ठोकळ्यावर बोट ठेवलं असं मी कितीदा पाहिलं आहे — गप्प पोराला येत नसतं असं नाही, त्याला वेळ हवा असतो.

२२. टेबलं सांभाळायला बारावी झालेल्या पोरींना आणि मंडळाच्या पोरांना बसव, पण आदल्या संध्याकाळी एकदा खेळून घे — नाहीतर ती तोंडी परीक्षा घेऊ लागतात, आणि पहिलं पोर रडलं की रांगेतली सगळी रडतात.

२३. विकासपत्राला मार्कलिस्ट होऊ देऊ नकोस. ‘तुझं किती आलं’ हे बायकांनी विचारायच्या आत सांगून टाक की यात नापास नसतं — शेजारणीच्या पोराशी तुलना झाली की पुढच्या मेळाव्याला आई येतच नाही.

२४. लीडर माता निवडताना सगळ्यात शिकलेली निवडू नकोस, सगळ्यात बोलकी निवड — कृती सुचवणारं आयडिया कार्ड फोनवर येतं, वाचायला घरातला कुणीही पुरतो. बायकांना ओट्यावर जमवणं मात्र एकीलाच जमतं.

२५. माता गटाला नवं काम देऊ नकोस, रोजच्या कामात पोराला घे म्हणावं. भाजी निवडताना जुड्या मोजणं, भांडी लावताना लहान-मोठी रचणं, अंथरुणं घडी करताना कोपऱ्याला कोपरा — वेगळा वेळ कुठल्याच आईकडे नसतो. आणि बापालाही एक काम दे. रात्री एक गोष्ट, फोन उलटा ठेवून.

पंचायत आणि देणग्या. इथे गोड बोलायचं आणि कागद पक्का ठेवायचा.

२६. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात, आणि तुझ्या भागात आदिवासी गावांसाठीचा पेसाचा निधीही येतो. विकास आराखडा बनत असताना मागणी लेखी दे, मोजकी दे — ‘अंगणवाडी सुधारा’ म्हटलं की शून्य मिळतं, ‘दोन नळ, पोरांच्या उंचीचे’ म्हटलं की निदान एक मिळतो.

२७. ग्रामसभेत तू बोलू नकोस, आजीला बोलायला लाव — मानधनावरची बाई बोलली की तक्रार वाटते, गावची म्हातारी बोलली की गावाची लाज निघते. साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सभा ठरलेल्या असतात. आजीला आठवडाभर आधी सांगून ठेव.

२८. कंपनीवाले टीव्ही द्यायला आले तर हसून विचार की पंखा, पाण्याची टाकी किंवा संडासाचं दार मिळेल का — टीव्हीचा फोटो चांगला येतो, पण दाराला कडी नसल्याने पोरी दुपारपर्यंत कळ दाबून बसतात हे फोटोत येत नाही. फीत एकदा कापतात, केर रोज काढावा लागतो.

२९. मिळालेली खेळणी कपाटात कुलपात ठेवू नकोस. फुटली तर फुटली अशी नोंद कर — तपासणीला अख्खं दिसावं म्हणून बंद ठेवलेलं खेळणं खेळलेलं नसतं, आणि हे मला कपाट उघडल्याबरोबर वासावरून कळायचं.

आता पोट आणि तब्येत.

३०. खिचडी किंवा उसळ वेळेवर मिळावी म्हणून ती शिजवणाऱ्या बचत गटाच्या बायकांशी भांडण नको, त्यांच्याबरोबर बसून एकदा जेव — त्यांनाही पैसे उशिरा मिळतात, त्यांचीही गाऱ्हाणी आहेत. अमृत आहार योजनेतलं अंडं पोराच्या ताटात पडतंय ना, एवढं मात्र डोळ्यांनी बघ. भुकेल्या कानात गोष्ट शिरत नाही.

३१. दंडघेराची पट्टी लाल दाखवू लागली, म्हणजे ११.५ सेंटिमीटरच्या खाली, तर संध्याकाळपर्यंत थांबू नकोस, आशाताई आणि नर्सबाईंना त्याच वेळी फोन कर. आईला मात्र ‘तुझं पोर कुपोषित’ असं चारचौघांत म्हणू नकोस — ती लाजेने पोर लपवते, आणि लपवलेलं पोर वाचवता येत नाही.

३२. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. ते येण्याआधी तुझी स्वतःची यादी तयार ठेव: कोण टीव्हीच्या अगदी जवळ बसतं, कोण हाक मागून मारली की वळत नाही, कोण अडखळत चालतं, तीन वर्षांचं होऊनही कोण बोलत नाही — पथकाकडे पोरामागे काही मिनिटं असतात, तुझ्याकडे रोजची सकाळ असते. ‘मंद आहे’ म्हणून मागे बसवलेल्या पोराच्या कानात नुसता मळ किंवा पू निघावा, हे काही विरळा नाही.

स्थलांतराचं तुला सासरी वेगळं सांगायला नको. भात झोडून झाला, दिवाळी सरली, की पाडेच्या पाडे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि अंगणवाडी निम्मी रिकामी होते. तू ‘गैरहजर’ लिहून मोकळी होशील. होऊ नकोस. पूर्वी विधायक संसद नावाच्या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा भरवल्या होत्या. म्हणजे पोर जिथे जाईल तिथे शिकणं नेता येतं, हे आपल्याच भागात कुणीतरी करून दाखवलं आहे.

३३. जाण्याआधी प्रत्येक आईकडून कोणत्या गावी, कोणत्या शेठकडे, मुकादमाचा फोन, एवढं लिहून घे आणि माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत वरच ठेवायला लाव — तिथल्या सेविकेला तू एक फोन केलास तर पोराचा आहार आणि लस दोन्ही तुटत नाहीत. ट्रॅकरवरही नोंद हलवता येते, पण फोनवरच्या ‘ताई, आमची पोरं येतायत’ ची सर त्याला नाही.

३४. सोबत एक चिंधीची पिशवी दे. त्यात मोजायला शिंपले, थोडे खडू, त्याने स्वतः काढलेलं एखादं चित्र — भट्टीवर आई विटा थापत असताना पोराच्या हाती काहीतरी आपलं असतं.

३५. परत आलेल्या पोराला ‘कुठे होतास इतके दिवस?’ विचारू नकोस. त्याच्या जागेवर बसव आणि काल गेल्यासारखा आज त्याच्याकडून खेळ सुरू कर — मामाचं पत्र हरवलं खेळायला हजेरी लागत नाही.

३६. कुणाचं पोर पिवळ्या बसने खासगी शाळेत जात असेल तर त्या आईशी अबोला धरू नकोस. वजनाला, लसीला, सुट्टीतल्या गोष्टीला बोलाव — निम्मी पोरं फी थकली की जानेवारीत तुझ्याच दाराशी येतात. त्या वेळी ‘बघ, सांगत होते’ हे वाक्य गिळायचं. फार कठीण आहे, पण जमतं.

३७. ऑगस्टमध्ये, शाळा रुळल्यावर, पहिलीच्या वर्गात जाऊन मागच्या रांगेत तासभर बस. कोण खिडकीबाहेर बघतंय, कोण डबा उघडून बसलंय, कोणाला बाईंचं बोलणं कळत नाहीये, ते बघ — पुढच्या बॅचला काय कमी पडायला नको, हे प्रशिक्षणात सांगत नाहीत, तिथे बसून दिसतं. बाईंना मात्र आधी विचारून जा, आणि वहीत काही लिहू नकोस.

३८. किल्लीच्या दोन प्रती कर. एक मदतनीस बाईंकडे, एक शेजारच्या घरी — तुझी बस चुकली म्हणून पोरं उन्हात उभी राहिली, की पुढच्या दिवशी निम्मी येतच नाहीत.

३९. आणि मुख्यसेविका न सांगता भेटीला आल्या तर धावत जाऊन रजिस्टर शोधू नकोस. त्यांना पोरांच्या गोलात मांडी घालून बसव आणि एखाद्या पोराला त्यांच्या हातात माती द्यायला सांग — हात मातीचे झाले की रजिस्टरला लावता येत नाहीत. मी तुला हे सांगितलंय, असं मात्र त्यांना सांगू नकोस.

तुझी,
मावशी